बोमोह पाहायला गेलो होतो: केलांतानच्या एका अभ्यास-सहलीविषयी

मलेशियातल्या केलांतान राज्याच्या या सहलीच्या माहितीपत्रकावर ‘मलायी काळ्या जादूच्या गूढ दुनियेत सहा दिवस’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि ते वाचून आम्ही पैसे भरण्याचा विचार जवळजवळ सोडूनच दिला होता. मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातला बराच काळ आराधी, पोतराज, गोंधळी यांची गाणी टिपण्यात घालवला. माझी पत्नी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होती आणि तिचे आयुष्य ‘बाहेरचं झालंय’ असे म्हणून देवऋष्याकडे नेलेल्या बाळंतिणींना वेळेत दवाखान्यात आणण्यात गेले. काळी जादू या शब्दाचे आकर्षण दोघांपैकी कोणालाही नव्हते. मात्र पत्रकाच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, ‘गावच्या सुईणीची भेट’ आणि ‘माइन पुतेरीचे प्रात्यक्षिक’ (माइन पुतेरी हा रोग्याला बरे करण्याचा तिकडचा विधी) अशा दोन ओळी होत्या, आणि त्या दोन ओळींसाठी आम्ही गेलो. सहल संपल्यावर सांगायचे तर पत्रकाचा मथळा खोटा निघाला आणि बारीक टाइपातला मजकूर खरा निघाला. ज्या संस्थेने ही सहल काढली तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत.

आधी व्यवहाराचे. माणशी एक लाख अठ्ठावीस हजार रुपये पडले. त्यात हैदराबाद ते क्वालालंपूर आणि तिथून कोटा बारू असा विमानप्रवास, राहणे, दोन वेळचे जेवण आणि सर्व प्रवेशशुल्क धरलेले होते. लातूर-हैदराबाद बस मात्र ज्याची त्याने करायची होती. आम्ही चौदा जण होतो आणि लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर अशी सरमिसळ होती. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिलेला असल्यामुळे ती कटकट वाचली. मात्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरावे लागते, ही गोष्ट सहल-व्यवस्थापकाने विमानतळावर पोहोचल्यानंतर सांगितली आणि चौदा म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी रांगेत उभे राहून मोबाइलवर ते भरले.

पहिला दिवस क्वालालंपूरमध्ये गेला आणि तो वाया गेला. बोमोह म्हणजे तिकडचा वैद्य-मांत्रिक. ‘प्रत्यक्ष बोमोहची भेट’ म्हणून आम्हाला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेण्यात आले. तिथे काळा झगा घातलेला एक गृहस्थ बसला होता, मागे दोन कृत्रिम कवट्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकी दीडशे रिंगिट जादा भरल्यास तो ‘व्यवसायातील अडथळे’ दूर करून देणार होता. नांदेडच्या एका व्यापारी गृहस्थांनी ते भरलेही. मला आमच्याकडच्या यात्रेतल्या पोपटवाल्याची आठवण झाली. फरक इतकाच की पोपटवाला कवट्या ठेवत नाही आणि वीस रुपयांत भागवतो. असा बोमोह मलेशियाच्या वर्तमानपत्रांतही अधूनमधून येतो. ८ मार्च २०१४ रोजी एमएच ३७० हे विमान बेपत्ता झाले तेव्हा क्वालालंपूरच्या विमानतळावर एक ‘राजा बोमोह’ नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला बसला होता आणि साऱ्या देशाने त्याच्यावर हसून घेतले. हसण्यावारी न्यावे असे नसलेलेही आहे. मोना फांदे ही एके काळची गायिका बोमोह झाली आणि तिने, तिच्या नवऱ्याने व साथीदाराने १९९३ मध्ये पाहांग राज्यातील माझलान इद्रिस या आमदाराला विधीच्या बहाण्याने बोलावून ठार मारले. तिघांनाही २००१ मध्ये फाशी झाली. आमच्या माहितीपत्रकातली जादू होती ती या जातकुळीची. तिच्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. भानामती हा शब्द मराठवाड्याला नवा नाही.

सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी, कोटा बारूला उतरल्यावर. केलांतान हे मलाया द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाचे, थायलंडला लागून असलेले राज्य आहे. भातशेती, मासेमारी आणि बाजारात गल्ल्यावर बसलेल्या बायका ही त्याची ओळख आहे. येथे आम्हाला जे स्थानिक मार्गदर्शक मिळाले ते निवृत्त शाळामास्तर होते आणि या सहलीचे सर्व श्रेय माझ्या मते त्यांचे आहे. विमानतळावरून निघालेल्या बसमध्येच त्यांनी पहिल्यांदा विचारले, ‘तुमच्या गावात हाड मोडले तर कोणाकडे जातात?’ औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हाडवैद्याचे नाव सांगितले. ‘बाळंतपणाला?’ सुईण. ‘साप चावला तर? गुरे हरवली तर? पोर रात्री दचकून रडत असेल तर?’ प्रत्येकाला वेगळे नाव निघत गेले, आणि मास्तर म्हणाले, ‘तर मग तुम्हाला बोमोह कळले आहेत. आता फक्त शब्द शिकायचे.’

शब्द त्यांनी चांगले शिकवले. बोमोह हा रोग्याला तपासून औषध देणारा. मोडलेले हाड बसवणारा तो बोमोह पाताह. बाळंतपण करणारी ती बिदान. सुंता करणारा तो तोक मुदिम. आणि पावांग म्हणजे निसर्गाशी व्यवहार करणारा, भाताचा, समुद्राचा, पावसाचा, जंगलाचा, पूर्वी कथिलाच्या खाणींचाही. ‘तोक’ म्हणजे आजोबा किंवा आजी, आणि मानाने कोणालाही लावायचा शब्द. ही माणसे गावाबाहेर राहणारी, रात्री स्मशानात जाणारी नसतात. दिवसा ती शेत कसतात, होडी चालवतात, नातवंडे सांभाळतात आणि बोलावणे आले की जातात. मोबदला ठरलेला नसतो, पण रिकाम्या हाताने जात नाहीत; त्या देण्याला पेंगेरास म्हणतात, आणि त्यात थोडे पैसे, तांदूळ, सूत, विडा-सुपारी असे काहीबाही असते. नारळ आणि सव्वा रुपया देवापुढे ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत आमच्यातले सगळे ‘मांत्रिक’ हा शब्द सोडून ‘जाणता’ म्हणू लागले होते, आणि मला वाटते भाषांतर म्हणून तोच शब्द योग्य आहे.

भातशेतीच्या भेटीत पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही, हे मास्तरांनी आधीच सांगून टाकले होते. कालव्याच्या पाण्यावर आता वर्षाला दोन पिके निघतात आणि कापणी यंत्राने होते. परंतु त्यांनी खिशातून एक वस्तू काढून आमच्या हाती दिली, आणि माझ्या दृष्टीने तो अर्धा तास क्वालालंपूरच्या अख्ख्या दिवसापेक्षा मोलाचा ठरला. ती वस्तू म्हणजे तुआई. तळहातात मावेल एवढी लाकडाची पट्टी, तिच्या कडेला बसवलेले बोटभर लांबीचे पाते, आणि आडवा बसवलेला एक बारीक दांडा. हा दांडा मुठीत धरला की पाते दोन बोटांच्या मध्ये येते आणि समोरून हात रिकामाच दिसतो. पूर्वी कापणीच्या आरंभी जाणती बाई या तुआईने ठरावीक लोंब्या एकेक करून खुडायची, त्यांची मोट बांधून तान्ह्या बाळासारखी कापडात गुंडाळायची आणि घरी आणून पाळण्यात ठेवावी तशी ठेवायची. पाते लपवायचे ते भाताला दिसू नये म्हणून, कारण भाताला सेमांगात असतो. सेमांगात म्हणजे जीव म्हणता येईल, पण आत्मा म्हणता येणार नाही; तो माणसात असतो, भातात असतो, आणि घाबरला की उडून जातो. मग माणूस आजारी पडतो आणि कणीस पोचट निघते. मास्तरांच्या आजीच्या तुआईचे लाकूड इतके गुळगुळीत झाले होते की त्यावर अंगठ्याचा खळगा पडलेला होता. औशाचे शेतकरी ती वस्तू हातात घेऊन बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘आमच्याकडं येळवसला कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडतो, तवा आई आम्हाला मोठ्यानं बोलू देत नव्हती.’ हे मी भाषांतर करून सांगितले तेव्हा मास्तरांनी ‘येळवस’ हा शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला.

बोलण्यावरचे निर्बंध हा विषय त्यातूनच निघाला. जंगलात वाघाचे नाव घ्यायचे नाही, त्याला तोक बेलांग म्हणायचे, म्हणजे पट्टेवाले आजोबा. कथिलाच्या खाणीत हत्तीचेही नाव निषिद्ध होते आणि तिथला पावांग नियम मोडणाऱ्याला दंड करीत असे. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता लांबडं म्हणतात, हे आमच्यातल्या चौघांनी एकाच वेळी सांगितले.

समुद्रकिनाऱ्यावरचा कार्यक्रम मात्र घाईत उरकला गेला. होडीतून पाण्यात उतरून, डोके बुडवून माशांच्या थव्याचा आवाज ऐकणारा जाणता, ज्याला जुरू सेलाम म्हणतात, याविषयी मास्तर रंगून सांगत असतानाच व्यवस्थापकाने जेवणाची वेळ झाल्याचे जाहीर केले. या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा अभ्यास रेमंड फर्थ या मानववंशशास्त्रज्ञाने १९३९-४० मध्ये केला होता आणि जेथे आम्ही उभे होतो तो बाचोक तालुका त्याच अभ्यासाचा. पूर्वी येथे समुद्राला रेडा अर्पण करण्याचा ‘पुजा पांताई’ नावाचा विधी होत असे, जो धर्मपंडितांच्या विरोधामुळे थांबला. पांताई म्हणजे किनारा. पुजा म्हणजे काय हे विचारण्याची गरज कोणाला पडली नाही.

तिसऱ्या दिवशी सुईणीची भेट होती. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना सारे गाव ‘तोक बिदान’ म्हणत होते. घर खांबांवर उभारलेले, खाली कोंबड्या, वर चटईवर बाई बसलेल्या. आमच्या हिचा आणि त्यांचा संवाद मी शक्य तेवढा टिपून घेतला आहे. मलेशियात १९६६ च्या प्रसूतीविषयक कायद्याखाली परंपरागत सुईणींची नोंदणी झाली, त्यांना निर्जंतुक साहित्य वापरण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि हळूहळू प्रसूती सरकारी सुईणींकडे व रुग्णालयांकडे गेली. तोक बिदानकडे आता उरले आहे ते बाळंतपणानंतरचे काम, आणि ते काम भरपूर आहे. चव्वेचाळीस दिवस बाळंतीण पथ्य पाळते. बिदान तिचे अंग चोळते, दगड तापवून कापडात गुंडाळून ओटीपोटाला शेक देते, आणि लांबलचक कापडाने पोट घट्ट बांधते. काकडीसारखे ‘थंड’ पदार्थ वर्ज्य, आले-मिरी हवे. आमच्या हिने सव्वा महिना, शेगडी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू आणि पोट बांधायचे जुने नऊवारी लुगडे सांगितले, आणि दोघी एकमेकींचे हात धरून हसू लागल्या. वार कुठे पुरता, हा प्रश्न दोघींनी जवळजवळ एकदमच विचारला. तिकडे वार धुऊन जपून पुरतात, कारण ती बाळाचे भावंड मानतात.

येथे एक गंभीर उणीव नोंदवली पाहिजे. दुभाषी म्हणून आमचे मास्तर होते आणि व्यवस्थापक होता, दोघेही पुरुष. तोक बिदान काही सांगू लागल्या की मास्तर लाजून अर्धे वाक्य गाळत, ते इंग्रजीतून व्यवस्थापकाकडे येई, तो मराठीत आणखी अर्धे गाळी. हिने रक्तस्राव झाला तर पूर्वी काय करीत, असे विचारले तेव्हा उत्तर आले, ‘देवाचे नाव घेत.’ बाईंच्या हातवाऱ्यांवरून स्पष्ट दिसत होते की त्यांनी पोट कसे दाबायचे ते सविस्तर सांगितले होते. बत्तीस वर्षे जिने असे प्रसंग हाताळले तिच्यासमोर ही अवस्था व्हावी, याचा मला राग आला आणि अजूनही आहे. भेटीला दिलेला वेळ एक तास होता, त्यातली वीस मिनिटे छायाचित्रांत गेली.

त्याच रात्री माइन पुतेरी होते, आणि सहलीचे पैसे येथे वसूल झाले. ‘माइन’ म्हणजे खेळणे आणि ‘पुतेरी’ म्हणजे राजकन्या, अर्थात आपली पुत्री. हा रोग्याला बरे करण्याचा रात्रभर चालणारा विधी आहे, आणि व्यवस्थापकाने आधीच स्पष्ट केले होते की आपल्यासमोर होणार ते प्रात्यक्षिक आहे, खरा रोगी नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला. अंगणात मांडव, खाली चटया, एका ताटात लाह्या, हळदीने पिवळे केलेले तांदूळ, विडा-सुपारी, पाण्याचे भांडे, आणि धुमसणाऱ्या निखाऱ्यांवर केमेन्यानची धुरी. केमेन्यान म्हणजे ऊदच, सुमात्रा आणि मलायाच्या बाजूला झाडाच्या खाचेतून निघणारा. डोळे मिटून बसलो असतो तर मला खुलताबादच्या एखाद्या दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी बसल्यासारखे वाटले असते.

दोन माणसे समोरासमोर बसतात. एक तोक पुतेरी, ज्याच्या अंगात येते. दुसरा तोक मिंदुक, जो तीन तारांचा रेबाब वाजवतो आणि अंगात आलेल्याशी बोलतो. सोबतीला ढोल, घंटा, झांजा. आरंभ बिस्मिल्लाने झाला. मग रेबाबचा एक लांब, घोगरा सूर निघाला, आणि तोक पुतेरी बसल्या जागी मान फिरवू लागला, आधी हळू, मग इतकी वेगाने की डोक्याचा रुमाल सुटून पडला. या अवस्थेला ते लुपा म्हणतात, म्हणजे विसरणे. आपण भान हरपणे म्हणतो. भानावर नसलेल्या त्या माणसाने मूठभर लाह्या घेऊन उशीवर ओतल्या आणि दोन-दोन करून बाजूला सारायला सुरुवात केली: माती, वारा, आग, पाणी, माती, वारा, आग, पाणी. जेथे लाह्या संपतील तेथे रोगाचे कारण. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. बोटे अजिबात थरथरत नव्हती. आजी तांदूळ निवडताना जशी बोटे चालवायची तशी ती चालत होती. शेवटच्या दोन लाह्या ‘वारा’ या शब्दावर पडल्या आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांनी समजून माना हलवल्या.

मग एकामागून एक भुते येऊ लागली आणि तोक मिंदुक त्यांची हजेरी घेऊ लागला. कोण तू, कुठून आलास, या बाईकडे काय मागतोस? हा प्रसंग गंभीर असेल असे आम्ही समजत होतो, पण सारा मांडव हसत होता. एक भूत बहिरे होते आणि प्रत्येक प्रश्नाला चुकीचे उत्तर देत होते. दुसरे उधारी मागत होते. मास्तर भाषांतर करताना स्वतःच हसत असल्यामुळे आमच्यापर्यंत विनोद निम्मेच पोहोचले. दशावतारातला संकासुर किंवा तमाशातली बतावणी ज्याने पाहिली आहे त्याला हे परके वाटणार नाही. भुतांशी भांडण नाही, सौदा आहे. तू एवढे घे आणि जा. मंत्रांत बतारा गुरूचे नाव येत होते, जे आपल्या भट्टारक गुरूचे, म्हणजे शिवाचे रूप, आणि त्याच श्वासात पैगंबराचेही. मंत्राला ते मांतेरा म्हणतात.

मध्यरात्रीनंतर मास्तरांनी आम्हाला जे सांगितले त्यासाठी हा लेख मी लिहीत आहे. लाह्या ‘वारा’ या शब्दावर थांबल्या होत्या. मलायी भाषेत वाऱ्याला आंगिन म्हणतात, आणि प्रत्येक माणूस आपापला आंगिन घेऊन जन्माला येतो अशी येथील समजूत आहे. तो आंगिन म्हणजे आतली ओढ, कल, उमेद. ज्याच्यात गाण्या-नाचण्याचा आंगिन प्रबळ आहे आणि ज्याला आयुष्यभर गाता-नाचता आले नाही, त्याच्या आत तो कोंडतो, आणि मग अन्न जात नाही, झोप येत नाही, अंग दुखते, डॉक्टरला काही सापडत नाही. या आंगिनांना नावेही आहेत. देवा मुदा हे माक योंग या नाट्यप्रकारातल्या देखण्या राजपुत्राचे नाव; ज्याचा आंगिन देवा मुदाचा त्याला कौतुक, सुगंध, चांगले कपडे हवे असतात. वाघाचा आंगिन असलेल्याला झुंज हवी असते. मग माइन पुतेरीत रोग्याच्या आंगिनाची धून वाजवतात, त्याला त्या धुंदीत नेतात, आणि वर्षानुवर्षे चूल फुंकणारी बाई त्या एका रात्री उठून राजपुत्रासारखी नाचते. कॅरोल लेडरमन या अमेरिकन संशोधक बाईंनी शेजारच्या तेरेंगानू राज्यातील मर्चांग या गावी १९७० च्या दशकात राहून हे सारे बारकाईने नोंदवले.

मास्तर ‘वारा’ म्हणाले आणि मी ‘वारं’ ऐकले. आमच्याकडे अंगात येण्याला वारं येणं म्हणतात. येरमाळ्याला, तुळजापूरला, कुठल्याही आराध्यांच्या मेळ्यात संबळ तापले की बाईला वारं येतं, आणि ती बाई ‘खेळते’. दुसरे क्रियापद आम्ही वापरत नाही. तिकडे माइन, इकडे खेळणे. तिकडे आंगिन, इकडे वारं. या दोन भाषांत एवढा मेळ कसा बसला याचे पांडित्य मी करणार नाही, कारण वारा आणि खेळ या गोष्टी माणसाला कुठेही सुचण्यासारख्या आहेत. परंतु वीस वर्षे मी आराध्यांची गाणी टिपली आणि ‘वारं’ या शब्दाचा अर्थ देवीचा संचार एवढाच लिहून ठेवला. ज्या बाईला वारं येतं तिच्या आत आधीपासून काय कोंडले आहे, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. माझ्या पत्नीने मात्र तो फार पूर्वी विचारला होता. वारं येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी तिच्याकडे अशक्तपणाच्या गोळ्या घ्यायला येत आणि गोळ्यांबरोबर अर्धा तास बोलून जात, हे तिने मला त्या मांडवात, पहाटे दोन वाजता सांगितले.

परतीच्या बसमध्ये वाद झाला, आणि तो झाला हे चांगले झाले. परभणीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, जे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात अनेक वर्षे आहेत, स्पष्ट विचारले की महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि आपण पैसे मोजून हेच बघायला आलो काय? मास्तरांनी उत्तर न देता स्वतःच्या राज्याची हकिकत सांगितली. केलांतानात १९९० मध्ये पास या धार्मिक पक्षाचे सरकार आले, आणि त्यानंतर माक योंग, छायानाट्य आणि माइन पुतेरी यांवर बंदी आली. तिथला आक्षेप विज्ञानाचा नव्हता, धर्माचा होता. अल्लाखेरीज इतरांची नावे घेऊन मदत मागणे इस्लामला मान्य नाही. दरम्यान युनेस्कोने २००५ मध्ये माक योंगला मानवी वारशाचा गौरव दिला, आणि ज्या राज्यात ती कला जन्मली तिथे ती सार्वजनिकपणे करता येत नव्हती. २०१९ मध्ये अटी घालून बंदी सैल झाली. कुराणातील आयतांनी उपचार करणाऱ्या संस्था आज लोकांना अधिक निर्धोक वाटतात. देशाने २०१६ मध्ये पारंपरिक वैद्यकाचा कायदा केला, त्यात मलायी पारंपरिक वैद्यक आणि इस्लामी उपचारपद्धती अशा दोन्हींना स्थान आहे. भुतांशी सौदा करणारा तोक मिंदुक त्या चौकटीत कुठे बसतो, असे मुख्याध्यापकांनी विचारले. मास्तर म्हणाले, ‘आमच्या अंगणात.’ मुख्याध्यापकांचे समाधान झाले नाही. माझे मत विचाराल तर कर्करोगाच्या गाठीवर लाह्या मोजणारा कोणत्याही कायद्याने थांबवलाच पाहिजे, आणि कोंडलेल्या बाईला एक रात्र नाचू देणाऱ्यावर तोच कायदा लावताना हात थोडा आखडावा.

उरलेल्या तक्रारी किरकोळ आहेत. शाकाहारी जेवणाची हमी पाळली गेली नाही. बुदू नावाचे माशांचे आंबवलेले पाणी तिकडे लोणच्याच्या खारासारखे सगळ्यात घालतात आणि आमच्यातल्या दोन माळकऱ्यांनी तीन दिवस भात आणि केळ्यांवर काढले. निळ्या भाताचा नासी केराबू मात्र ज्यांना चालतो त्यांनी अवश्य खावा. केलांतानात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते हे नियोजकाला ठाऊक नव्हते, त्यामुळे एक सकाळ बंद दारांसमोर गेली. मांडवात बसायला मांडी घालावी लागते, आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी एकही खुर्ची नव्हती. क्वालालंपूरची दुकानातली भेट काढून तिथे राष्ट्रीय संग्रहालयाला अर्धा दिवस दिला तर सहलीचा दर्जा एकदम वाढेल.

जाणाऱ्यांनी मार्च ते सप्टेंबरमधला काळ निवडावा आणि रमजान टाळावा. नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, नद्या फुगतात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि मांडवातले खेळही पूर्वापार त्या दिवसांत होत नाहीत. सहल घेण्यापूर्वी केलांतानचे मार्गदर्शक तेच मास्तर आहेत ना, हे विचारून घ्यावे. ते नसतील तर मी पैसे भरणार नाही.

हैदराबादला उतरल्यावर व्यवस्थापकाने अभिप्रायाचे कागद वाटले. ‘कोणता कार्यक्रम वगळावा’ या रकान्यात आम्ही दोघांनी एकच उत्तर लिहिले. ‘कोणता वाढवावा’ या रकान्यात मी माइन पुतेरी लिहिले. आमच्या हिने तो रकाना अपुरा पडला म्हणून कागदाच्या मागे लिहिले: ‘सुईणबाईंना एक तास पुरत नाही. दुभाषी बाई द्यावी, बाळंतपण झालेली. रक्तस्रावाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, ते मास्तरांच्या मिसेसना विचारून कळवावे.’ खाली आपला मोबाइल नंबर दिला, आणि व्यवस्थापकाकडून तो दोनदा वाचून घेतला.